तुमचे प्रश्न : आधी फाइल, मग फिर्याद

(या सदरातली उत्तरं देणारे गृहस्थ इंदूरच्या एका खासगी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : माझ्या बाबांचं (वय ६७) गेल्या वर्षी इंदुरातल्याच एका नर्सिंग होममध्ये दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सुट्टी दिली. पोट फुगलं होतं, अंगात ताप होता. 'गॅस आहे, चालवा त्यांना' म्हणाले. आठवड्यात डोळे पिवळे झाले. दुसरीकडे नेलं तर पित्तनलिकेला इजा निघाली आणि पुन्हा मोठं ऑपरेशन करावं लागलं. आता पहिल्या ठिकाणचे मॅनेजर म्हणतात, फाइल पेशंटला मिळत नसते, डिस्चार्ज कार्ड दिलंय ना! वर म्हणतात, 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून द्या, उरलेलं बिल माफ करतो. भाऊ पोलिसांत जायचं म्हणतोय. काय करू?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. उद्या तुम्ही तक्रार केलीत की समोरचा वकील तोच कागद सगळ्यांत आधी काढेल. असे कागद मी स्वतः फायलींना टाचले आहेत, म्हणून सांगतो. बिल बाकी असेल तर भरा, पक्की पावती घ्या आणि घरी या.

'फाइल मिळत नसते' ही शुद्ध थाप. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि भरती रुग्णाची फाइल उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळावी लागते. अर्ज बाबांच्या सहीने करा. मराठीत नको, हिंदीत लिहा. इथला आवक क्लार्क 'समझ नहीं आया' म्हणून कागद बाजूला सारायला टपलेला असतो. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. कां-कू केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा. नुसतं 'सगळे कागद' लिहिलंत तर पुन्हा डिस्चार्ज कार्डाचीच झेरॉक्स हातात पडेल. संमतिपत्र, ऑपरेशन नोट, भुलीचा चार्ट, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाच्या नोंदी), नर्सिंग नोट्स, डॉक्टरांच्या राउंडच्या नोंदी, रक्ताचे रिपोर्ट, पित्ताशयाचा बायोप्सी रिपोर्ट आणि ऑपरेशनचं रेकॉर्डिंग केलं असेल तर ते, अशी नावं घालून मागा.

फाइल आली की लोक ऑपरेशन नोटवर तुटून पडतात. ती बहुधा गुळगुळीतच असते. मी आधी नर्सिंग नोट्स उघडायचो. रात्री दोनला सिस्टरने लिहिलेलं असतं : पोटात दुखतंय, पोट फुगलंय, आरएमओ सरांना (म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला) कळवलं. मग डॉक्टरांच्या पानावर बघायचं, दोननंतर कोणी येऊन गेलं का? पुढची नोंद थेट सकाळच्या राउंडची आणि तीही 'पेशंट ठीक' एवढीच असेल, तर ती दोन पानं वेगळी काढून ठेवा. अक्षरंही बघा. तीन दिवसांत पाळ्या बदलतात, म्हणजे निदान चार-पाच हात दिसायला हवेत. सगळं एकाच पेनाने, एकाच वळणाचं, खाडाखोड नाही, तर ती फाइल नंतर निवांत बसून लिहिली असण्याची शक्यता दाट. वॉर्डात धावपळ करणाऱ्या सिस्टरचं अक्षर इतकं देखणं येत नाही.

आता जरा कडू. पित्तनलिकेला इजा झाली म्हणजे हलगर्जी झालीच, असं नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हजारात तीन ते पाच जणांना ती होते. सूज असली, भाग चिकटलेला असला की चांगल्या हातांकडूनही होते. तुमची बाजू आहे ती नंतरच्या तीन दिवसांत. ताप आणि फुगलेलं पोट दिसत असताना सोनोग्राफी नाही, रक्ताची तपासणी नाही, आणि घरी धाडलं, असं फाइलीतून निघालं तर बोलायला जागा आहे. तेव्हा तक्रारीत 'चुकीचं ऑपरेशन' यावर भर देऊ नका. तिथे ते तुम्हाला आकडे दाखवून गप्प करतील. संमतिपत्रावर सही कोणाची आहे तेही बघा. बाबा शुद्धीवर आणि धडधाकट असताना भावाची सही घेतली असेल तर तो मुद्दा मांडा. सज्ञान रुग्ण स्वतः निर्णय देऊ शकत असेल तर संमती त्याचीच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलंय.

भावाला तूर्त थांबवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालापासून डॉक्टरवर फौजदारी चालवायला हलगर्जी फार मोठी, ढळढळीत असावी लागते, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. तुमचं प्रकरण तिथपर्यंत जाईल असं मला वाटत नाही. आणि तिथे जाऊन काच फोडणं वगैरे मुळीच नको. त्यानंतर आरोपी तुम्ही असता.

तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालातच ठरलं. २०१९ च्या कायद्याने जिथे राहता तिथे तक्रार करता येते. फी तुम्ही भरपाई किती मागता यावर नसते, बिल किती भरलंत यावर असते, आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. मुदत दोन वर्षांची. तुम्ही एक वर्ष मॅनेजरच्या केबिनबाहेर घालवलंय, आता उरकतं घ्या. भोपाळच्या मेडिकल कौन्सिलकडेही लिहिता येतं, पण ते डॉक्टरवर कारवाई करतात, भरपाई देत नाहीत.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, असं न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं आहे. तुमच्यात मात्र घ्याच. गावातल्या सर्जनकडून ते मिळवणं कठीण, उद्या त्यांना एकाच ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभं राहायचं असतं. बाहेरगावचा बघा. आणि दुसऱ्या ऑपरेशनचे सर्जन पहिल्याबद्दल एक शब्द लिहून देणार नाहीत, पण त्यांनी पोट उघडल्यावर क्लिप (नळी बंद करायचा चिमटा) कुठे बसलेली दिसली, किती पित्त साठलं होतं, हे त्यांच्या ऑपरेशन नोटमध्ये असतंच. तिची प्रत आजच मागा, तिथे कोणी अडवणार नाही.

प्रश्न : आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिबिरात फुकट झालं आणि तो डोळा गेला. पैसे दिले नाहीत म्हणून ग्राहक आयोग दार लावून घेईल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ऑपरेशन कुठे झालं यावर आहे. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, अशा ठिकाणाला ग्राहक कायदा लागत नाही. पण शिबिराचे रुग्ण बऱ्याचदा ट्रस्टच्या रुग्णालयात नेतात, आणि तिथे शेजारच्या खाटेवरचा माणूस पैसे भरत असतो. तसं असेल तर फुकटवाला रुग्णही ग्राहकच धरला जातो. हेही १९९५ च्याच निकालात आहे. सरकारी असेल तर सीएमएचओंकडे (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी) लेखी तक्रार आणि गरज पडली तर उच्च न्यायालयाचं इंदूर खंडपीठ. त्याच दिवशी आणखी कोणाचे डोळे गेलेत का, ते शोधा. एकाच ओटीतल्या एकाच यादीतल्या अनेकांना जंतुसंसर्ग झाला असेल तर आजोबांना मधुमेह असला तरी दोष त्यावर ढकलता येत नाही. सरकारी रुग्णालयाने फाइल दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा : दहा रुपये, तीस दिवस.