लिऑनच्या पॅटिसरीतले कष्ट आणि जाच

नाशिकच्या २३ वर्षांच्या एका मुलीने फ्रान्समधून पत्र पाठवले आहे. तिचे आणि दुकानाचे नाव गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा:

‘ताई, हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतल्यावर बाबांनी शैक्षणिक कर्ज काढून मला फ्रान्समध्ये पेस्ट्री शिकायला पाठवले. वर्गातला भाग संपला आणि ऑक्टोबरपासून लिऑनमधल्या एका पॅटिसरीत, म्हणजे केक-पेस्ट्रीच्या दुकानात, माझी सहा महिन्यांची इंटर्नशिप सुरू आहे. पहाटे पाचला हजर व्हायचे आणि मग लोण्याच्या पिठाला थर द्यायचे, टार्टच्या रिंगांत पीठ बसवायचे, अंडी फोडायची, एवढेच. केकला हात लावायला मिळत नाही. डिसेंबरमध्ये रोज बारा-तेरा तास काम झाले, त्याची कुठेही नोंद नाही. एकदा हातून ट्रे निसटला तेव्हा शेफ सगळ्यांसमोर “तुझ्या देशात परत जा” असे ओरडले. घरी मात्र मी शोकेसमधल्या केकचे फोटो “मी केले” म्हणून पाठवते. आमचे घर शाकाहारी आहे आणि इथे मला प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन घातलेले मूस (क्रीमचा हलका, फुगीर गोड पदार्थ) रोज चाखावे लागते, हेही आजीला ठाऊक नाही. सगळे सोडून परत यावे का?’

तू प्रश्न एकच विचारला आहेस, पण त्यात दोन वेगळ्या तक्रारींचा गुंता झाला आहे, आणि तो सोडवल्याशिवाय ‘परत ये’ किंवा ‘तिथेच राहा’ असे सांगणे मला योग्य वाटत नाही. तुला मिळणारे कंटाळवाणे काम ही एक गोष्ट आहे आणि तुला मिळणारी वागणूक ही दुसरी. पहिलीकडे तू पुन्हा नीट पाहावेस. दुसरी एक दिवसही अधिक सहन करू नयेस.

आधी कामाबद्दल. थर देण्याचे काम तू ज्या तुच्छतेने लिहिले आहेस, त्याच्याशी मी सहमत नाही. क्रॉसाँच्या, म्हणजे चंद्रकोरीसारख्या पदरदार पावाच्या, पिठाला लोणी घालून तीन साध्या (दर वेळी तीन पदरांच्या) घड्या दिल्या की लोण्याचे २७ थर होतात आणि फ्रेंच पफ पेस्ट्रीला तशा सहा घड्या दिल्या की ते ७२९ वर जातात, हे तू वर्गात शिकली असशील. मात्र लोणी आणि पीठ यांचा घट्टपणा लाटताना सारखाच असावा लागतो, लोणी अधिक गार असेल तर त्याचे तुकडे पडतात आणि अधिक मऊ झाले तर ते पिठातच मुरून जाते, हे ज्ञान बोटांत उतरायला शेकडो घड्या द्याव्या लागतात. त्याला दुसरा मार्ग नाही. शिवाय तू हे पत्र जानेवारीत लिहिले आहेस, म्हणजे गॅलेट दे र्वाच्या हंगामात. बदामाचे सारण भरलेली ती गोल पफ पेस्ट्री फ्रान्समध्ये महिनाभर घराघरांत आणि कचेऱ्यांत कापली जाते, आणि या दिवसांत पॅटिसरीची बरीचशी भिस्त तुझ्याच टेबलावर असते. तुला बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यात बसवले आहे, हा तुझा समज मला चुकीचा वाटतो.

फ्रेंच पॅटिसरीचे वर्ष सणांच्या क्रमाने चालते आणि शिकाऊ माणसाला हंगाम बदलेल तसे वेगळे काम हाताळायला मिळू शकते. डिसेंबरमध्ये ओंडक्याच्या आकाराचे नाताळचे केक, जानेवारीत गॅलेट, त्यानंतर ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासापूर्वी लिऑनची खास तळणीची ब्यून्य, जी आपल्या शंकरपाळ्यांची मावसबहीणच म्हणावी लागेल, आणि मग ईस्टरची चॉकलेटे. गुलाबी साखरेत घोळवलेल्या बदामांचा टार्ट तर त्या शहरात बारमाही मिळतो. त्याच्यासाठी रिंगा भरणारे हात तुझेच असतील.

तरीही सहा महिने एकाच टेबलावर काढणे बरोबर नाही, हेही मान्य करते. फ्रान्समध्ये इंटर्नशिपसाठी विद्यार्थी, शिक्षणसंस्था आणि दुकान यांच्यात लेखी करार होतो आणि तू कोणती कामे शिकणार, हे त्यात लिहिलेले असते. तो काढून वाच. त्यात चॉकलेट किंवा मूसचे केक असतील, तर दुकानात तुझ्या मार्गदर्शनासाठी नेमलेल्या व्यक्तीकडे फेब्रुवारीपासून त्या विभागात काम देण्याची मागणी कर. शब्द आधी लिहून काढ, तुझ्या पेस्ट्रीच्या शाळेतल्या एखाद्या फ्रेंच मैत्रिणीकडून तपासून घे, आणि गडबडीच्या वेळी नव्हे तर सकाळचा माल शोकेसमध्ये गेल्यावर बोल.

आता दुसरी गोष्ट. ‘तुझ्या देशात परत जा’ हे वाक्य पेस्ट्रीच्या कोणत्याही परंपरेत बसत नाही. स्वयंपाकघरात आवाज चढतात, सणाच्या आदल्या दिवशी तर चढतातच, आणि ‘ट्रे नीट धर’ असे कोणी खेकसून म्हटले तर ते मनावर घेऊ नये. पण माणसाच्या देशावरून त्याला हिणवणे हा अपमान आहे, आणि ‘आम्हीही असेच शिकलो’ या सबबीखाली तो खपवून घेण्याची काहीही गरज नाही. दिवस, वेळ, नेमके शब्द आणि तिथे हजर असलेल्यांची नावे आजच वहीत लिहून ठेव.

त्याच वहीत कामाचे तासही लिही. कामाच्या वेळेच्या कमाल मर्यादा आणि विश्रांतीचे नियम कर्मचाऱ्यांना लागू असतात तसेच इंटर्नलाही लागू असतात. फ्रान्समध्ये कायदेशीर आठवडा ३५ तासांचा, दिवसाची सर्वसाधारण मर्यादा १० तासांची आणि दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची सलग विश्रांती आवश्यक असते. इंटर्नच्या हजेरीची नोंद ठेवणे ही दुकानाची जबाबदारी आहे. इंटर्नशिप दोन महिन्यांहून अधिक असेल तर मानधनही द्यावेच लागते. त्याचा किमान दर तासाला चार युरोंहून थोडा अधिक आहे. तुझ्या पत्रात मानधनाचा उल्लेखच नाही, आणि मला तो मुद्दाम गाळलेला वाटला. ते मिळत नसेल तर हा मुद्दा सर्वांत वर घे.

हे सगळे घेऊन शाळेकडे जा, शेफकडे नव्हे. करारात शाळेच्या बाजूने एका शिक्षकाचे नाव असते, आणि इंटर्नशिप कशी चालली आहे यावर लक्ष ठेवणे हेच त्याचे काम असते. त्याला ईमेलने लिही, म्हणजे लेखी पुरावा राहील. दुसरे दुकान शोधण्याची विनंती त्याच ईमेलमध्ये स्पष्ट शब्दांत कर. शाळेने टाळाटाळ केली तर ‘देफान्सर दे द्र्वा’ ही हक्कांचे रक्षण करणारी स्वतंत्र सार्वजनिक संस्था आहे. भेदभावाच्या तक्रारींसाठी तिचा ३९ २८ हा क्रमांक आहे. तासांच्या आणि मानधनाच्या प्रश्नासाठी कामगार निरीक्षकांचे कार्यालय आहे. तक्रार केली तर व्हिसा जाईल, ही भीती अनेक मुलांना गप्प बसवते. तुझा व्हिसा शिक्षणासाठी आहे आणि तो शाळेतल्या प्रवेशावर मिळाला आहे. दुकानमालकाने तो दिलेला नाही. म्हणूनच रागाच्या भरात एखाद्या सकाळी कामावर जाणेच बंद करू नकोस. जे काही सोडायचे ते शाळेला कळवून, कागदावर सोड.

घरच्या फोटोंबद्दल मी थोडी कठोर होणार आहे. दुसऱ्याचे केक आपले म्हणून दाखवल्याने बाबांचे कर्ज हलके होत नाही, उलट तुझ्या थकव्याबद्दल बोलायला घरात कोणी उरत नाही. पुढच्या वेळी तू स्वतः लाटलेल्या पिठाचा फोटो पाठव, कापलेल्या क्रॉसाँच्या आतली जाळी दाखव आणि ती कशी येते ते बाबांना समजावून सांग. ज्या माणसाने पेस्ट्रीसाठी कर्ज काढले, त्याला जाळी बघण्यात रस असणार. डिसेंबरमधले तास आणि शेफचे वाक्य हेही त्यांना सांग, पण शाळेला ईमेल पाठवल्यानंतर सांग, म्हणजे काळजीबरोबर ‘मी काय केले’ हेही त्यांच्या कानावर जाईल.

आजीला जिलेटिनबद्दल आपण होऊन सांगण्याची निकड मला दिसत नाही. व्यवसाय म्हणून चाखणे हा तुझा निर्णय आहे आणि तिने थेट विचारले तर खरे सांग. जिलेटिन तोंडाच्या उष्णतेने विरघळते आणि समुद्री शेवाळापासून काढलेले अगर-अगर विरघळत नाही, त्यामुळे मूसमध्ये एकाच्या जागी दुसरे घालून तोच पोत मिळत नाही, हे तुला चाखल्यामुळेच कळले ना? बिनजिलेटिनचे मूस पुढे करायचे असेल तर हेच ज्ञान लागेल.

परत येण्याबद्दल शेवटी लिहिते, कारण तो निर्णय आज घेण्याचे कारण नाही. तुला कधीतरी नाशिकला किंवा पुण्याला काम करायचे असेल, तर बिनअंड्याच्या मालाला तिथे मोठी मागणी आहे, आणि पफ पेस्ट्रीच्या पिठात मैदा, पाणी, मीठ आणि लोणी एवढेच असते; वरून अंडे लावायचे तेवढे दुधावर किंवा क्रीमवर भागवता येते. अडचण येईल ती नाशिकच्या एप्रिलची, कारण तिशीच्या आसपासच्या तापमानातच लोणी हातात राहत नाही. तुमच्या दुकानाच्या स्वयंपाकघरात थर देण्याच्या जागेचे तापमान किती ठेवतात, दोन घड्यांमध्ये पीठ किती वेळ गार करतात, क्रॉसाँ किती अंशांवर फुगवतात, हे आकडे रोज टिपून घे. तिथेच राहायचे असेल तर तुझ्या प्रमाणपत्रावर पुढे कोणता परवाना मिळू शकतो, हे शाळेच्या कार्यालयात आताच विचार. नोकरी शोधण्यासाठीचा मुक्काम प्रत्येक अभ्यासक्रमानंतर मिळत नाही. आणि बाबांना कर्जाची कागदपत्रे पाहायला सांग. बऱ्याच बँकांच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू होतात. तुमच्या कर्जातही तशी सवलत असेल, तर दुसऱ्या दुकानात इंटर्नशिप पूर्ण करायला तुला पुरेसा वेळ आहे.