आईला ठेवायचं ते शुश्रूषा केंद्र चांगलं आहे, हे ओळखायचं कसं?

पन्नाशीच्या आसपासची मुलं-मुली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तोवर ‘ठेवायचं की नाही’ यावर घरात भांडून झालेलं असतं. कुणाची कंबर गेलेली असते, कुणाची झोप. निर्णय झालेला असतो, पण धीर होत नसतो. उद्या तिथे हयगय झाली तर आई सांगणार कशी, तिला तर सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, ही धास्ती असते. आणि ती खोटी नाही.

अशाच एका ताई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आईला डिमेन्शिया. मध्यरात्री उठून दाराची कडी काढायची, पकडायला गेलं की ओरडायची. ताईंनी तीन शुश्रूषा केंद्रं पाहिली होती आणि मोबाइलमधले फोटो एकामागून एक माझ्यापुढे सरकवत होत्या. बाग, स्वागतकक्ष, पडदे, कॅमेऱ्यांचे स्क्रीन.

“यात माणूस कुठेच नाही,” मी म्हटलं.

“राहणाऱ्यांचे फोटो काढू देत नाहीत, मॅडम.”

तेही योग्यच. काढू देणाऱ्या ठिकाणाबद्दल उलट मीच साशंक झाले असते. पण तिथे राहणाऱ्या एखाद्या आजींशी कुणी कसं बोलत होतं, हे मी विचारलं तेव्हा ताईंना काही आठवेना. तिन्ही ठिकाणी त्या वेळ ठरवून गेल्या होत्या आणि कार्यालयातल्या माणसांशीच बोलल्या होत्या.

हे फार जणांचं होतं. मनात अपराधीपणा असला की नजर इमारतीवर जाते. जागा देखणी असली की ‘आपण आईला टाकलं नाही’ असं स्वतःला सांगता येतं. पण जी आई खोलीबाहेर फारशी पडणारच नाही, तिला त्या बागेचा उपयोग किती? बाग भेटीला येणाऱ्यांसाठी असते, असं माझं थोडं कडवट मत आहे. ताईंना ते आवडलं नाही, आणि त्या थोडं रडल्याही. त्या दिवशी आम्ही केंद्रांबद्दल बोललोच नाही, अपराधीपणाबद्दलच बोललो. तो बाजूला सारता येत नाही, पण निवड त्याच्या हाती देऊ नये, इतकं त्यांना पटलं.

पुढच्या वेळी मी त्यांना कामाला लावलं. तिन्ही ठिकाणी पुन्हा जायचं, न कळवता, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी, जमल्यास सुट्टीच्या दिवशी. मुख्य डॉक्टर आणि व्यवस्थापक घरी गेले की केंद्र जसं असतं, तसंच ते तुमच्या आईच्या वाट्याला येणार असतं. बोलायचं कमी, बसायचं जास्त.

सगळ्यात देखण्या केंद्रात त्यांनी पाहिलं ते असं: ताट पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं गेलं आणि काही वेळानं तसंच्या तसं उचललं गेलं. पाण्याचा ग्लास हात पोचणार नाही इतका लांब होता. झोपून असलेल्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवतात, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांना बेडसोअर, म्हणजे सतत दाब पडून जखमा, होतात. त्याचा तक्ता पलंगाच्या पायथ्याशी लटकत होता. वाजले होते संध्याकाळचे सहा आणि तक्त्यावर रात्री दहापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. ताई मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. मला आनंद झाला, कारण आता त्या फोटो दाखवत नव्हत्या.

दुसऱ्या ठिकाणी सगळं शांत. ताई भर सकाळी गेल्या तेव्हाही टीव्हीसमोर ओळीनं बसलेले सगळे माना टाकून झोपलेले. “आमच्याकडे कुणी त्रास देत नाही,” असं तिथल्या बाईंनी अभिमानानं सांगितलं. डिमेन्शियाची इतकी माणसं एकाच वेळी इतकी शांत असली, तर औषधांची चौकशी करावी. अशा रुग्णांना गप्प ठेवायला मानसिक आजारांवरची जी औषधं वापरली जातात, त्यांनी वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं 2005 मध्येच दिला आहे. कधी कधी ती लागतात, हेही खरं. पण कोणी लिहून दिली, कशासाठी दिली, बंद करायचा विचार केव्हा होणार, आणि घरच्यांना विचारलं होतं का, याची उत्तरं फाईलमध्ये असायला हवीत. खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवण्याबद्दलही हेच विचारायचं. “पडू नयेत म्हणून बांधतो” हे उत्तर मला पुरत नाही. सुटायच्या धडपडीत माणूस जास्त वाईट पडतो.

तिसरं केंद्र साधं होतं, भिंतींना रंगाची गरज होती. तिथे एक मावशी स्टूल ओढून आजींच्या समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसल्या होत्या. एक घास, गिळेपर्यंत थांबणं, मग पुढचा. मध्येच आजींनी तोंड फिरवलं तर मावशींनी चमचा खाली ठेवला, हनुवटी पुसली, काहीतरी बोलल्या, परत चमचा उचलला. बाजूच्या खोलीतली घंटा वाजली तेव्हा दुसरी कुणीतरी लगेच धावली. ताईंनी इन्चार्ज सिस्टरांना मी सांगितलेला प्रश्न विचारला: “अलीकडे तुमच्याकडे कोण पडलं होतं?”

या प्रश्नावर माझा फार भरवसा आहे. “आमच्याकडे कुणी पडत नाही” असं सांगणाऱ्या जागेतून मी निघून येईन. म्हातारी माणसं सगळीकडे पडतात. सिस्टरांनी सांगितलं, एक आजोबा पहाटे बाथरूमला जाताना पडले. लगेच मुलाला फोन केला, डॉक्टरांना दाखवलं, पलंग बाथरूमजवळ हलवला, रात्रभर दिवा ठेवायला लागलो. नाव मात्र सांगितलं नाही. रात्री किती रुग्णांमागे किती जण असतात, हेही त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं, आणि एक जण रजेवर गेला की ओढाताण होते हेसुद्धा कबूल केलं.

ताईंनी तेच निवडलं. भावाला फोटो पाठवले तेव्हा “इतकं साधं?” असं उत्तर आलं. त्याचं मन वळवायला दोन सत्रं गेली, ते इथे सांगत बसत नाही. करारनामा मात्र दोघांनी मिळून वाचला. कुठल्या परिस्थितीत ‘तुमच्या आईला घेऊन जा’ म्हणतील, आणि रात्री हॉस्पिटलला हलवायचं झालं तर सोबत कोण जाईल, ही कलमं लोक हमखास वाचायची विसरतात.

दाखल केल्यानंतर एका महिन्यानं ताई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. आईचं वजन 52 किलोवरून 49 वर आलं होतं. महिन्याभरात 5 टक्क्यांहून जास्त घट म्हणजे दखल घ्यायलाच हवी, सहा महिन्यांत 10 टक्के असेल तरी. ताईंना हे कळलं, कारण दर महिन्याचं वजन वहीत लिहून मागायचं आम्ही आधीच ठरवलं होतं. नाहीतर “आईला करमत नाहीये” म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं.

“चुकीचं ठिकाण निवडलं का मी? हलवू का तिला?”

मी म्हटलं, आधी जाऊन सिस्टरांना वजन दाखवा आणि त्या काय करतात ते पाहा. सिस्टरांनी आईचं तोंड उघडून पाहिलं. कवळी सैल झाली होती, हिरडीला जखम होती, चावताना दुखत होतं, आणि आईला ते सांगता येत नव्हतं. “हे आमच्या लक्षात आधीच यायला हवं होतं,” असं त्या म्हणाल्या. डेंटिस्टला बोलावलं, तोवर मऊ जेवण सुरू केलं, वजन दर आठवड्याला घ्यायला लागले. सिस्टरांनी हात झटकले असते किंवा ताईंनाच “तुम्ही फार शंका घेता” असं ऐकवलं असतं, तर दुसरी जागा शोधा, असं मीच सांगितलं असतं.

ताई आता वेळ न ठरवताच जातात. कधी सकाळी, कधी संध्याकाळी. पांघरूण बाजूला करून आईच्या टाचा पाहतात. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून सोडतात. दाबल्यावर तो फिका पडला नाही, तर बेडसोअरची सुरुवात समजून त्याच क्षणी सिस्टरांना हाक मारतात.