तुसडा, क्रूर की निष्ठुर? अर्जात काय लिहायचं

ताई, पेन्शनच्या खिडकीवर आईंना मिळालेली वागणूक 'निष्ठुर' म्हणू, 'क्रूर' म्हणू की 'तुसडी', असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि माझाच जुना अर्ज आठवला.

आमची आई सत्तरीची, दोन तास रांगेत. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता कागद परत सरकवला, "वाचता येतंय न्हवं? मग बोर्ड वाचा." मी तिरमिरीत घरी येऊन लिहिलं, 'अत्यंत क्रूर व अमानुष वागणूक'. तेव्हा लय भारी वाटलं. महिन्याभरानं उत्तर आलं: मारहाण किंवा इजा झाल्याचा पुरावा जोडावा. गृहस्थांचा खुलासाही सोबत, 'मी अर्जदाराच्या आईस हातही लावलेला नाही'. खरंच होतं की! प्रकरण निकाली. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण तिथली ती टेबलाटेबलांची टोलवाटोलवी... जाऊ दे.

'क्रूर'ला कायद्याचं वजन आहे. विवाहितेच्या छळाबद्दलचं जुनं ४९८-अ कलम, १९५५ चा हिंदू विवाह कायदा, १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा, सगळीकडं क्रूरताच. मी वकील नाही, ठेच लागल्यावर वाचलेलं सांगतोय. 'निष्ठुर' शोभतो काळाला, नियतीला. चौकातले श्रद्धांजलीचे फलक बघा. खिडकीवरच्या माणसाला एवढा मान कशाला?

तुमचा शब्द 'तुसडा'च. माणूस तुसडा, बाई तुसडी, उत्तर तुसडं. 'खडूस' नको, खडूस माणूस कुरकुरत का होईना, काम करून देतो. 'खाष्ट' का कुणास ठाऊक सासूसाठीच राखून ठेवलाय, खाष्ट सासरा मी तरी ऐकला नाही. आणि 'निर्दयी' लिहू नका, 'निर्दय' पुरे. हा माझा हट्ट समजा, सगळे सर्रास लिहितात.

हां, रांगडं आणि तुसडं यात गल्लत नको. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीत मिसळवाला "बस की मर्दा, उभा का?" म्हणून ओरडतो आणि न मागता कट वाढतो, तो तुसडा न्हवं. पुण्याच्या मेहुण्याला हे अजून पटलेलं नाही.

अर्जात विशेषण एकच ठेवा. तारीख, वेळ आणि तो माणूस बोलला ते अवतरणात, जसंच्या तसं. आणि पोहोच घ्या, शिक्का मारून. माझा दुसरा अर्ज नीट लिहिलेला होता, पण पोहोच घेतली नाही. तो अजून शोधतायत.