टेली झूमने काढलेल्या फोटोचे कोपरे काळपट येतात. लेन्स खराब आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, लांबचं जवळ आणणारी ७०–३०० एमएम एफ/४.५–५.६ टेली झूम लेन्स, भिगवणला उडते फ्लेमिंगो ३०० वर एफ/५.६ ला काढलेत आणि आकाशाचे चारही कोपरे काळपट आलेत. लेन्स बहुतेक ठणठणीत आहे. चारही कोपरे सारखेच काळवंडले असतील आणि मधून कडेकडे अंधार हळूहळू वाढत असेल, तर ती लेन्सची घडणच आहे, बिघाड नाही. मोकळं आकाश फक्त तिचं बिंग फोडतं. झाडीत बसलेल्या पक्ष्याच्या फोटोतही अंधार तेवढाच असतो, पण कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर बरेच जण ‘कॉस-फोर’चा नियम सांगतात, म्हणजे कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घातानुसार प्रकाश घटतो. नियम खरा आहे, पण तो वाइड लेन्सला छळतो. ३०० ला फुल फ्रेमचा कोपरा मध्यापासून जेमतेम ४ अंशांवर असतो, त्यामुळे घट साधारण १ टक्का. ७० ला १७ अंश धरले तरी १७ टक्के, म्हणजे पाव स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). तुमचा अंधार यातून आलेला नाही.

तो येतो लेन्सच्या लांब नळीमुळे. ३०० ला एफ/५.६ म्हणजे समोरून दिसणारं भोक (ॲपर्चर) ३०० भागिले ५.६, साधारण ५४ मिमी. अशा लेन्सना फिल्टर बहुधा ५८ किंवा ६७ मिमीचा लागतो, म्हणजे पुढची काच या भोकाच्या मानाने बेताचीच. फोटोच्या मध्यावर पडणारा प्रकाश सरळ आत जातो, त्याला भोक पूर्ण गोल मिळतं. कोपऱ्याकडे जाणारा प्रकाश तिरका शिरतो. त्याची एक बाजू पुढच्या काचेची कड कापते, दुसरी मागच्या काचांची.

हे डोळ्यांनी बघता येतं. लेन्स बॉडीवरून काढा, ३०० वर फिरवा, तिच्या मागे उजेडातला पांढरा कागद येईल अशी धरा आणि समोरून दोनेक फुटांवरून आत बघा. सरळ बघितलं की गोल चकती दिसेल. आता डोकं ४-५ सेंटीमीटर बाजूला न्या, तुमच्या कोपऱ्याचा कोन जवळपास तोच. चकती दोन्हीकडून चेपून लिंबासारखी होऊ लागेल. जेवढा भाग कापला गेला तेवढा कोपरा काळा. (निकॉनची जुनी ‘G’ प्रकारची लेन्स असेल तर काढल्यावर ॲपर्चर मिटतं, मागचा छोटा खटका बोटाने सरकवून धरावा लागतो.) रात्रीच्या फोटोत मागचे धूसर दिवे मध्यावर गोल आणि कोपऱ्यात मांजरीच्या डोळ्यासारखे येतात, तेही यामुळेच.

पुढची काच मोठी केली तर हे कमी होईल, पण वजन, किंमत आणि फिल्टरचा आकार सगळंच वाढेल. शिवाय तिरक्या किरणांची कड कापली की कोपऱ्यातला फिसकटलेपणा कमी होतो, म्हणून डिझायनर थोडं जाणूनबुजूनही कापतात.

ॲपर्चर लहान केलं, म्हणजे एफचा आकडा वाढवला, की हा अंधार जातो. एफ/८ ला भोक ३७-३८ मिमी उरतं, एफ/११ ला २७; एवढी लहान चकती त्या लिंबाच्या आत मावते, मग कापायला काही शिल्लकच राहत नाही. यावरच दोष ओळखायचा. एफ/११ ला कोपरे उजळले तर तो लेन्सचा स्वभाव. उजळले नाहीत, उलट काळ्याची कड आणखी ठसठशीत झाली, तर वाटेत काहीतरी अडतंय. हे अडणं सहसा ७० च्या बाजूला दिसतं: हूड (लेन्सच्या तोंडावरची ऊन अडवणारी कड) टक आवाज होईपर्यंत फिरवलेला नसतो आणि त्याच्या लांब पाकळ्या कोपऱ्यात येतात, किंवा यूव्ही फिल्टरवर जाड पोलरायझर फिल्टर चढवलेला असतो. कोपरे गोलाकार आणि ठार काळे असतील तर लेन्स क्रॉप सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरसाठी बनवलेली, असू शकते. बॉडी क्रॉप मोडवर टाका. आणि लाइटरूम या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कुणाचा तरी प्रीसेट (तयार सेटिंग) लावला असेल तर ‘इफेक्ट्स’मधला व्हिग्नेटिंगचा, म्हणजे कोपरे काळवंडण्याचा, स्लायडर बघा. हे हसण्यावारी नेऊ नका.

नेमकं मोजायचं असेल तर ढगाळ दिवशी आकाश किंवा एकसारख्या उजेडातली भिंत घ्या. मॅन्युअल मोड, आयएसओ कायम, फोकस अनंतावर (तिथे अंधार सहसा सर्वात जास्त), फॉरमॅट रॉ (जेपेग न बनवलेली कच्ची फाइल), करेक्शन बंद. समजा एफ/५.६ ला १/५०० ने मध्य राखाडी येतोय. मग फक्त शटर एक तृतीयांश स्टॉपने कमी करत जा: १/४००, १/३२०, १/२५०, १/२००. ज्या फोटोचा कोपरा पहिल्या फोटोच्या मध्याइतका उजळ दिसेल, तेवढे स्टॉप तुमचं व्हिग्नेटिंग. १/२५० ला जुळलं तर बरोबर एक स्टॉप, म्हणजे कोपऱ्यात निम्माच प्रकाश पोचतो. एकाच फोटोतले आकडे ताडून हे कळत नाही, कारण सॉफ्टवेअर टोन वाकवून दाखवतं.

उपायाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: उडत्या पक्ष्यासाठी ॲपर्चर लहान करू नका. एफ/११ ला जाऊन १/२००० चं १/५०० केलंत तर कोपरे सुधारतील आणि पंख हलतील. एफ/५.६ ठेवा, रॉ काढा, लाइटरूममध्ये ‘लेन्स करेक्शन्स’मधलं प्रोफाइल चालू करा, तिथला व्हिग्नेटिंग स्लायडर १०० वरून खालीवर करता येतो. डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही लेन्स करेक्शनचं मॉड्यूल आहे. बॉडीतलं करेक्शन (निकॉनमध्ये ‘व्हिग्नेट कंट्रोल’, कॅननमध्ये ‘पेरिफेरल इल्युमिनेशन’) मुख्यतः जेपेगच्या कामाचं, आणि लेन्स दुसऱ्या कंपनीची असेल तर तिची माहिती बॉडीत बहुधा नसते. मात्र उजळलेल्या कोपऱ्यात नॉइज (दाणेदारपणा) वाढतो: दीड स्टॉप उचललात तर आयएसओ १६०० चा कोपरा ४५०० सारखा दिसेल. म्हणून ढगाळ पहाटे एक्स्पोजर मुळातच कमी पडू देऊ नका.

एकच कोपरा किंवा एकच बाजू काळी असेल तर मात्र तपासा. स्टॅबिलायझर काच बाजूला सरकवतो, त्याने थोडा असमतोल येऊ शकतो. तो बंद करून ट्रायपॉडवर भिंतीचा फोटो घ्या, मग कॅमेरा उलटा करून पुन्हा घ्या. काळा भाग भिंतीवर जागच्या जागी राहिला तर उजेड असमान होता. कॅमेऱ्याबरोबर फिरला आणि तो कोपरा तपशिलातही धूसर असेल, तर काच केंद्रातून सरकलेली असू शकते. हे दोन्ही फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.