कृषी सल्ला : शेतीशाळेत भाषण नको, मोजणी करा

प्रश्न : गटाने कपाशीच्या शेतीशाळेसाठी मला पुढे केलं आहे. माझं शिक्षण नववीपर्यंत. समोर माझ्यापेक्षा जाणती माणसं बसणार. मी त्यांना काय शिकवू? – यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी

उत्तर : भाऊ, शिकवायचं मनातून काढून टाका, निम्मं ओझं तिथंच उतरेल. शेतीशाळेची रीत 1989 मध्ये इंडोनेशियात पडली, भातावरच्या तपकिरी तुडतुड्यापायी. फवारे वाढले तसा तुडतुडाही वाढत गेला, कारण औषधाने त्याला खाणारे कोळी आणि मित्रकीटक मरत होते. 1986 मध्ये तिथल्या सरकारने भातासाठी 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. पण कोणता किडा कोणाला खातो, हे काही बंदीहुकमाने कळत नाही. म्हणून पंचवीस-तीस जणांनी दर आठवड्याला एकाच शेतात उतरायचं, झाडं बघायची आणि मग काय ते ठरवायचं. आपल्याकडे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून हीच पद्धत गावोगाव पोचली.

माझी फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी चित्रं दाखवून ढालकिड्यावर, म्हणजे मावा नावाची रस शोषणारी बारीक कीड खाणाऱ्या मित्रकीटकावर, तासभर बोललो होतो. बैठक उठल्यावर एक काका कपाशीचं पान घेऊन आले. पानावर काळसर, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, इवल्याशा सुसरीसारखी अळी. "साहेब, हिच्यावर काय मारू?" ती ढालकिड्याचीच अळी होती! मी तासभर मोठा किडा दाखवला, अळी दाखवायची राहूनच गेली होती.

आता मी बोलत नाही, बाटली वापरतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत मावा असलेलं पान ठेवायचं, मावा मोजून आकडा बाटलीवर लिहायचा, ढालकिड्याची एक अळी आत सोडायची आणि तोंडाला फडकं बांधायचं. ही बाटली गटातल्या सगळ्यात शंकेखोर माणसाच्या घरी ठेवायला द्या. दुसऱ्या दिवशी किती मावा उरला ते तोच गावभर सांगत फिरतो. त्याचं सांगणं माझ्यापेक्षा जास्त चालतं.

बैठकीची सुरुवात शेतातच करा. पाच-पाच जणांच्या तुकड्या पाडा. सगळ्या तुकड्यांची मिळून वीस झाडं, प्रत्येक झाडाची वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं उलटी करून बघायची. सरासरी पानामागे मावा 10 किंवा तुडतुडे 2 ते 3 भरले, तर नुकसानीची पातळी गाठली असं समजा. मग मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढा; एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, वर ऊन-पाऊस, खाली जमिनीतली ओल. चित्र कसंही येऊ द्या, पण आकडा शेतातला हवा. फवारायचं की नाही, हे त्या कागदासमोर बसून गटाने ठरवायचं. तुमचं काम फक्त विचारत राहण्याचं: "मागच्या खेपेला किती होते?"

गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे) लावा आणि पतंग रोज सकाळी मोजा. सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री 8 पतंग आले, की हालचाल करायची. मोजणीची पाळी आळीपाळीने द्या, एकट्याच्या गळ्यात मारू नका. आणि कोणी असं काही विचारलं की तुम्हाला येत नाही, तर सरळ म्हणा, "पाहून सांगतो." पानाचा फोटो सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) किंवा कृषी विज्ञान केंद्राला पाठवा आणि पुढच्या बैठकीत आठवणीने उत्तर द्या. थाप मारून मिळालेला मान पहिल्या उघडिपीत उडून जातो.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या बायकांनाही शेतीशाळेला यायचं आहे, पण ती सकाळी दहाला भरते. तेव्हा आम्ही निंदणीला असतो. – एक कृषीताई

उत्तर : ताई, वेळ चुकली आहे, बायका नाही. पानाखालचा किडा निंदणाऱ्या बाईला फवारणाऱ्याच्या आधी दिसतो, आणि शेतीशाळा नेमकी तिलाच वगळून भरते, हे मला कधीच पटलेलं नाही. दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत, ज्या शेतात काम चालू आहे त्याच बांधावर अर्धा तास बसा. मजुरी बुडत नाही. प्रात्यक्षिकाला निंबोळी अर्क घ्या. उन्हाळ्यात वेचून सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची 5 किलो भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळून त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवायचा आणि एकूण 100 लिटर पाणी करायचं. हा झाला 5 टक्के अर्क. त्याच दिवशी संध्याकाळी फवारा, शिळा ठेवू नका. ज्यांनी निंबोळ्या गोळाच केल्या नाहीत, त्यांनी पुढच्या वर्षासाठी वहीत टिपून ठेवावं.

प्रश्न : शेतीशाळा संपल्यावर पुढे काय शिकता येईल? वय 46 आहे.

उत्तर : वयाची अडचण नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नोकरी-शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे, त्याचे शेतीचे शिक्षणक्रमही आहेत. आत्माच्या (शेतकरी प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) कार्यालयात प्रशिक्षण आणि अभ्यास दौऱ्यांची चौकशी करा. मात्र प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याआधी एक वही घाला: पेरणीची तारीख, प्रत्येक फवारणी कोणत्या मोजणीवरून केली, आणि खर्च. तीन हंगामांची अशी वही घेऊन कोणी माझ्याकडे आला, तर मी खुर्ची ओढून त्याच्यापाशी शिकायला बसतो. आणि दौऱ्याला जाताना गटातल्या एखाद्या तरुणाला बरोबर न्या; तुम्ही आजारी पडलात तर त्या आठवड्याचे पतंग कोण मोजणार?