वाचक विचारतात: ठिगळांची पदवी

प्रश्न: ताई, माझं वय ४१. वाणिज्य शाखेची दोन वर्षं झाली आणि घरच्या अडचणीत शिक्षण सुटलं. सध्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात पाळीची नोकरी करते. वेगवेगळ्या शाखांचे विषय घेऊन सवडीने पुरी करता येईल अशी पदवी करावी म्हणते. मानसशास्त्र, संगणक, हिशेब, सगळंच आवडतं. मुलगी म्हणते, "आई, ही ठिगळांची पदवी. हिला विचारणार कोण?"

उत्तर: मी अडतिसाव्या वर्षी असाच प्रवेश घेतला होता. पहिली दोन वर्षं जत्रेत सुटलेल्या पोरासारखी वागले. इतिहास घेतला, संख्याशास्त्र घेतलं, खगोलशास्त्रसुद्धा सोडलं नाही. तिसऱ्या वर्षी मार्गदर्शकांनी कागद पाहिला. "बाई, हे सगळे पहिल्या पातळीचे पेपर!" विषय कितीही मोकळे असले तरी वरच्या पातळीचे ठरावीक क्रेडिट (म्हणजे अभ्यास मोजायची एककं) लागतातच. एक वर्ष वाढलं. नियमपुस्तिकेत ते होतं. मीच वाचलं नव्हतं.

म्हणून विषयांच्या आधी एक प्रश्न ठरवा. तुमच्या टेबलावर तो रोज पडलेला असतो: रुग्णाची माहिती नोंदवताना माणसं चुका का करतात? त्यात मानसशास्त्र आलं, डेटाबेस आला. हिशेब बसत नसेल तर राहू दे. मुलाखतीत "हे सगळं का शिकलात?" असं कोणी विचारलं, तर सांगायला एक वाक्य तयार असेल. मुलीलाही तेच सांगा. शिवाय ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत १९७१ साली पहिली तुकडी शिकू लागली, तेव्हा विज्ञान घ्या की साहित्य, पदवी बी.ए.चीच मिळे, हेही तिच्या कानावर घाला.

मात्र समुपदेशक म्हणून परवाना हवा असेल, तर ही पदवी बहुधा पुरणार नाही. तिथे ठरलेला अभ्यासक्रमच लागतो.

"सवडीने" या शब्दावर माझा विश्वास नाही. ब्रिटिश पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास, आणि ऑनर्स पदवीला ३६० क्रेडिट. वर्षाला ६० घेतले तरी सहा वर्षं, दर आठवड्याला जवळजवळ १२ तास. (अमेरिकेत पदवी साधारण १२० क्रेडिटची, पण तिथलं क्रेडिट मोठं, आकडे बघून स्वस्त समजू नका.) रात्रपाळीच्या आठवड्यात हे बारा तास कुठून काढणार, ते आधी लिहून काढा.

जुन्या दोन वर्षांचे किती क्रेडिट धरणार, हे फी भरण्याआधी लेखी घ्या. तोंडी "होईल हो" चालणार नाही. नोकरीतल्या अनुभवालाही काही ठिकाणी क्रेडिट देतात. पण किती वर्षं काम केलंत हे तिथे मोजत नाहीत, त्यातून काय शिकलात ते पुराव्यानिशी मांडावं लागतं. तुम्ही एखादा फॉर्म सुधारला असेल, नव्या माणसाला शिकवलं असेल, तर ते कागद जपून ठेवा.

आणि जुन्या गुणपत्रिका आजच शोधा. दुसरी प्रत मिळवायला मला चार महिने लागले होते.