रत्नागिरीच्या दमट हवेत सशाच्या शौचाच्या पेटीत काय पसरावे? मांजराची वाळू चालेल का?

मांजरासाठी मिळणारी, ओली होताच गोळे बनवणारी बेंटोनाइट मातीची वाळू सशासाठी कृपया वापरू नये, कारण ससा पेटीत बसून जे दिसेल ते कुरतडतो आणि ही माती पोटात फुगून आतडे बंद पडू शकते. त्याऐवजी कागदाच्या लगद्याच्या किंवा भट्टीत वाळवलेल्या लाकडाच्या गोळ्या तळाशी पसराव्यात आणि वर सुके गवत घालावे. गोळ्या मूत्र शोषतात आणि वासही बराच आवरतात. गिरणीतला भुसा स्वस्त मिळतो, परंतु तो कोणत्या लाकडाचा आहे हे कळत नाही, आणि देवदार किंवा कच्च्या पाइनचा वास सशाच्या फुप्फुसांना व यकृताला अपायकारक ठरतो. सुगंधी वाळूही टाळावी.

कोकणात खरी अडचण पावसाळ्याची आहे. भाताचा पेंढा सुरक्षित असला तरी तो मूत्र फारसे शोषत नाही आणि जुलैच्या हवेत त्याला लवकर बुरशी धरते, म्हणून गवत व गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. वास मूत्रातून सुटणाऱ्या अमोनियाचा असतो; तेव्हा ओला भाग रोज काढावा आणि पेटीवर साचणारा मूत्राचा पांढरा थर पांढऱ्या व्हिनेगरने धुवावा.